माझा फोन : वरणातून पाळण्यात

माझा फोन वरणात पडला आणि पातेलंभर चांगलं वरण वाया गेलं.

फोनला फारसं काही झालं नाही. पोलक्यात खोचलेला होता, मी फोडणीचा वास घ्यायला वाकले, तर तो माझ्याआधी खाली गेला. माझा मुलगा दिनेश याने तो सांडशीने बाहेर काढला, पुसला आणि दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. (त्या तांदळाचा पुढे भात झाला. कुणाला काही कळलं नाही, सगळ्यांनी दोनदा घेतला.) तिसऱ्या दिवशी फोन चालू झाला. चित्र स्वच्छ, आवाज तर आधीपेक्षा खणखणीत. फक्त तो बोट ओळखेना. साधं बोट, ओलं बोट, साबणाने धुतलेलं बोट, सगळी दाखवून झाली. फोन वाजायचा, वर सुनीताचं नाव दिसायचं, आणि मी ते नाव वाचत बसायची. सुनीता म्हणजे माझी मुलगी, मालेगावला दिलेली. तिला वाटायला लागलं, आई रागावली.

दिनेश अंबडला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. (नक्की काय करतो ते मला कळलेलं नाही. त्याच्या बायकोलाही कळलेलं नाही, असं ती म्हणते.) तो म्हणाला, "आई, काच गेली. तुझा फोन जुना आहे, काच मागवायला पंधरा-वीस दिवस लागतील. तोवर मी तुझा फोन कॉम्प्युटरला जोडून देतो."

"म्हणजे काय होईल?"

"फोनमध्ये जे दिसतं ते इथे मोठ्या पडद्यावर दिसेल. हा माऊस हलवायचा, की बाण हलतो. बाण नेऊन टिचकी मारायची, की फोनला वाटतं कुणीतरी बोट लावलं."

"फसवायचं त्याला."

"हो, फसवायचं. पण लक्षात ठेव, कॉम्प्युटर म्हणजे नुसता आरसा आणि लांबचं बोट. फोनचे कान, तोंड, डोळा, सगळं फोनमध्येच राहणार."

मी मान हलवली. मान हलवायला शाळा लागत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा शेजारच्या गावात होती आणि मला तिथे पाठवायची कुणाला घाई नव्हती. पण शिकवलेलं मला एका दिवसात येतं, हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

माऊस एका दिवसात नाही, चार दिवसांत आला. पहिल्या दिवशी तो टेबलाच्या कडेवरून तीनदा खाली पडला. बाण डावीकडे न्यायचा तर मी स्वतः खुर्चीसकट डावीकडे जायची. पण एकदा हात बसल्यावर मला सोडवेना. सगळे नातेवाईक परातीएवढे दिसायला लागले. माझ्या पुतणीच्या, पुष्पाच्या, नथीतला मोती खोटा आहे हे मला त्या पडद्यावर कळलं. मी तिला लगेच कळवलं. तिने दोन दिवस उत्तर दिलं नाही.

आता माझी खरी चूक सांगते. ते चौदा दिवस माझा फोन कॉम्प्युटरच्या शेजारी, माझ्या कोपरापाशी एका डबीला टेकवून ठेवलेला असायचा. मी पडद्याकडे बघून बोलायची, ऐकायचा मात्र तो डबीपाशी बसून. माझं काम होत होतं. त्यामुळे दिनेशने सांगितलेलं ते कान, तोंड आणि डोळा माझ्या डोक्यातून केव्हाच गेलं, आणि कॉम्प्युटरलाच ऐकू येतं अशी माझी पक्की समजूत झाली.

याच दिवसांत आमच्याकडे बारसं होतं. दिनेश आणि रूपालीला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. रूपालीचं माहेर घोटीचं. तिथे घराचं काम काढलेलं, म्हणून बारसं आमच्याच घरी, नाशिकच्या सिडकोत, सव्वा महिन्याने ठरलं. पोरीला सगळे नुसतं बाळ म्हणत होते. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या एकच, आमची सुनीता. नाव काय ठेवायचं ते फक्त सुनीता आणि रूपाली या दोघींना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. (मला सांगितलं असतं तर गल्लीला कळलं असतं, हे खरं आहे.)

आणि बारशाच्या चार दिवस आधी सुनीताला कांजिण्या आल्या. बेचाळिसाव्या वर्षी. तिच्या दोन्ही मुलांना लहानपणी आल्या तेव्हा हिला आल्या नाहीत, आणि आता आल्या.

ती फोनवर रडत होती. "आई, मी नऊ वर्षं वाट पाहिली गं."

"मग अजून पंधरा दिवस पाहा. पण बाळाजवळ यायचं नाही."

"बारसं पुढे ढकल ना."

"स्वयंपाकीण सांगितली आहे, साठ माणसांना बोलावणं गेलंय, व्याह्यांनी गाडी ठरवली आहे. आणि पुढे महिनाभर चांगला दिवस नाही."

"मग नाव कोण ठेवणार?"

"पुष्पा आहे की. चुलत तर चुलत, आत्याच आहे. नाव ठेवायला काय, तोंड असलं की झालं."

मग फोन बंद झाला. सुनीताने आजवर कधी माझ्या आधी फोन ठेवला नव्हता. मी उलट बोलले, रागावले, दोन तास तिच्या सासूची उणीदुणी काढली, तरी ती "बरं, ठेव तू" म्हणून थांबते. मी बाण धरून तशीच बसले.

तेवढ्यात मागून रूपाली म्हणाली, "आई, ताईंनी किती दुपटी पाठवली माहीत आहे? चौदा. लग्न झालं त्या वर्षापासून शिवत होत्या."

मी ती दुपटी पाहिली होती. काही तर एवढी मोठी, की म्हशीचं रेडकू झाकलं असतं. मला वाटलं होतं, हिला माप कळत नाही. आता लक्षात आलं, पहिल्या वर्षी शिवलेल्यात बाळ मावलं असतं. पुढे दर वर्षी तिने एकेक वीत वाढवत नेली होती.

मी दिनेशला बोलावलं आणि सांगितलं, "नाव सुनीताच ठेवेल. मालेगावहून ठेवेल. तुझं ते कॉम्प्युटरचं शिक्षण वापर."

त्याने बेत सांगितला. फोन पाळण्यात बाळाच्या उशीपासून वीतभर लांब ठेवायचा. सुनीताला तिथे व्हिडिओ कॉल लावायचा, म्हणजे ती नाव सांगेल ते बाळाच्या कानापाशी जाईल. आणि तिचं तोंड कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्या बायकांना दिसेल. "पण आई, तुझा फोन नको. माझा जोडतो. त्याची काच तरी धड आहे."

"तुझ्या फोनवर तू व्हिडिओ काढ. माझी मुलगी, माझा फोन. मीच लावणार."

"घाईत गडबड होईल."

"चौदा दिवस मी काय करत होते?"

आदल्या दिवशी तालीमही केली. फोन डबीपाशी, मी खुर्चीत, सुनीता मालेगावात. फटक्यात लागला. सुनीता हसली. मी दिनेशकडे असं पाहिलं, की तो उठून चहा प्यायला गेला.

बारशाच्या दिवशी मुहूर्त अकरा चाळीस ते बारा दहा. हॉलमध्ये एका टोकाला पाळणा, झेंडूच्या माळा लावलेला. दुसऱ्या टोकाला टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर मी, जरीची नऊवारी नेसून. मधे सतरंजीवर चाळीस बायका. आमचे हे कोपऱ्यातल्या खुर्चीत पेढ्यांचं ताट सांभाळत होते. (ते कानाने अधू आहेत, त्यामुळे घरात सगळ्यात सुखी तेच.) दिनेश स्टुलावर चढून व्हिडिओ काढत होता. बाळ झोपलेलं. पुष्पा सायखेड्याहून सगळ्यांच्या आधी आली होती आणि पाळण्याला टेकूनच बसली होती.

"काकू, सुनीताक्काचा फोन नाय लागला तर मी हाय," ती येता येताच म्हणाली. "नाव पण आणलंय."

"ते परत घेऊन जायची तयारी ठेव," मी म्हणाले.

बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. मी सुनीताच्या नावावर टिचकी मारली. दोन वेळा वाजलं आणि पडदाभर सुनीता आली. तोंडभर कांजिण्या, त्यावर कसलं तरी गुलाबी औषध थापलेलं, आणि त्याच्याही वर नथ. लग्नातला शालू नेसून पलंगावर बसली होती. बायकांनी गाणं सोडून "अगं बाई" केलं.

सुनीता इकडेतिकडे बघायला लागली. तिला काय दिसत होतं, तर पंखा, झेंडूची माळ आणि पाळण्यावर वाकलेल्या विहीणबाईंची हनुवटी. विहीणबाई म्हणजे रूपालीची आई, साध्या, देवभोळ्या. तेवढ्यात सुनीता बोलली. आणि विहीणबाईंच्या नाकाखाली, पाळण्यातून, खणखणीत आवाज आला :

"आई, कुठे आहेस?"

विहीणबाई तीन पावलं मागे सरल्या. सव्वा महिन्याचं बाळ. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"मी इथेच आहे, समोर," मी पडद्याला म्हणाले.

"आई? दिसत नाहीस तू."

"अगं समोर बघ. ही काय मी."

"कुणीतरी बोला ना. मला नुसता पंखा दिसतोय."

मी खुर्ची पुढे ओढली, पडद्याला नाक लावलं आणि ओरडले, "सुनीता! मी आहे!" पडद्यावरची सुनीता पंख्याकडेच बघत राहिली. मला तिचा राग आला. एवढं मोठं तोंड समोर धरलंय, तर बघायला काय होतं?

स्टुलावरून दिनेश म्हणाला, "आई, कॉम्प्युटरला ओरडू नकोस, त्याला कान नाहीत. कान पाळण्यात आहेत."

"मग काल कसं ऐकू गेलं?"

"काल फोन तुझ्या कोपरापाशी होता."

हे वाक्य माझ्या डोक्यात शिरायला जो वेळ लागला, तेवढ्यात सुनीता म्हणाली, "बहुतेक फोन बिघडला. मी बंद करून परत लावू का?" आणि तिचा हात पुढे आला. तिने बंद करू नये म्हणून मी घाईने बाण नेला आणि दिसेल त्या बटणावर टिचकी मारली. ते लाल बटण होतं. सुनीता गेली. ज्या गोष्टीला मी घाबरत होते ती मीच तिच्याआधी करून टाकली.

अकरा पंचावन्न.

पुष्पाने पदर खोचला आणि उठली. "काकू, लय येळ चाललाय. मुहूर्त निघून जाईल. ठेवू का मी?"

"खाली बस."

"तुमच्या चांगल्यासाठीच म्हणते हो."

"चांगल्यासाठी बस."

पण बायकांत कुजबुज सुरू झाली होती. ठेवू दे की तिला, आत्या ती आत्या, पोर उठलं तर पंचाईत. रूपाली पाळण्याची दोरी धरून माझ्याकडे बघत होती.

मी परत बाण नेला. सुनीताचं नाव दिसलं, टिचकी मारली, आणि त्याच क्षणी माऊस टेबलाच्या कडेवरून घसरला. बाण एक घर वर गेला होता.

त्या वरच्या घरात आमच्या खानदानाचा ग्रुप राहतो. त्याचं नाव 'सगळे आपलेच'. सायखेडा, घोटी, नाशिक, मालेगाव, सगळे मिळून एकतीस जण.

पहिल्यांदा पुष्पाची कंबर वाजली. मग रूपालीच्या काकूची पिशवी. मग सतरंजीखालून एक, पोळपाटाशेजारून एक, ओटीच्या तांदळात ठेवलेला एक. अर्धा हॉल वाजायला लागला. बायकांनी चष्मे शोधले, फोन लांब धरून वाचले.

"काकू, तुमचा फोन येतोय," पुष्पा म्हणाली. मी तिच्यापासून सहा पावलांवर बसलेली.

"घेऊ नकोस."

"घेतला की."

तिनेच नाही, सगळ्यांनी घेतला. मोठ्या जावेचा, काकूचा, वहिनीचा फोन न घेण्याची आमच्यात पद्धत नाही, मग ती समोर का बसलेली असेना. एकाच खोलीत चौदा फोन एकमेकांना ऐकवायला लागले. अशी शिट्टी उठली की बाहेर कुत्री भुंकायला लागली. माझ्या पडद्यावर चौकटीच चौकटी. निम्म्या चौकटींत आमचाच हॉल चौदा बाजूंनी, आणि त्यातल्या दोन-तीन चौकटींत माझीच पाठ. बाकीच्यांत गावोगावचे नातेवाईक. धाकटे दीर, म्हणजे पुष्पाचे वडील, सायखेड्याच्या मळ्यात मोटरीपाशी उभे. घोटीचा भाचा दाढीच्या दुकानात, तोंडाला फेस, मागे वस्तरा धरून न्हावी. एक पुतण्या रस्त्याच्या कडेला मोटारसायकल लावून. ही सगळी मंडळी बारशाला येऊ शकली नव्हती, आणि मी ग्रुपवर याआधी कधीही फोन केलेला नव्हता.

आता आमच्या घराण्यात म्हातारं माणूस भर दुपारी सगळ्यांना एकदम फोन करतं, त्याचा अर्थ एकच असतो.

"वहिनी," मळ्यातून दीर ओरडले, "कोण गेलं?"

आणि हा प्रश्न पाळण्यातून आला.

"मामी, कोण गेलं?" भाच्याने फेसातून विचारलं.

"दादा गेले का? वहिनी, दादा गेले का?"

दादा, म्हणजे आमचे हे, कोपऱ्यात पेढा खात होते. त्यांनी लोकांचे चेहरे बघितले, काहीतरी विचारताहेत एवढं त्यांना कळलं, आणि त्यांनी हसून मान डोलावली. ती मान चौदा फोनांतून गावोगाव गेली. मळ्यात दीर मटकन खाली बसले. पुतण्याने मोटारसायकलला लाथ मारून ती चालू केली, "निघालो मी." आणि कुठल्याशा चौकटीत एका मावससासूने गळा काढला.

विहीणबाई पांढऱ्या पडल्या. "विहीणबाई, अहो, काय हे. बाळाच्या कानात पहिला शब्द 'गेलं' पडला."

"झोपलंय ते," मी म्हणाले. पण माझंच मला पटलं नाही.

"आई, बंद कर, लाल बटण दाब," दिनेश ओरडला. तो स्टुलावर अडकला होता, कारण सगळ्या बायका उठून त्याच्या पायांभोवती गोळा झाल्या होत्या. त्याच्या हातातला व्हिडिओही थांबला होता, कारण ग्रुपमध्ये तोही आहे आणि घाबरून त्यानेही माझा फोन घेतला होता.

मी बाण लाल बटणापाशी नेला. आणि थांबले. सगळ्यात खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात, पेटीच्या कुलपाएवढ्या चौकटीत सुनीता होती. ती पण 'आपलीच' आहे, तिलाही फोन गेला होता. ओठ हलत होते, हात हलत होता, पण एवढ्या रडारडीत तिचा आवाज कुणाला ऐकू येणार? घड्याळात बारा सहा. आता बंद केलं, तर परत लावेपर्यंत मुहूर्त जाणार. आणि माझ्या हाताचं काय सांगावं, यावेळी बाण आणखी कुठल्या घरात शिरला असता.

मी माऊस टाकला. लांबचं बोट पुरे झालं. कान ज्या पाळण्यात आहेत तिथे जायचं, एवढं एकदाचं माझ्या डोक्यात शिरलं होतं. चाळीस बायकांतून वाट काढत (काढत म्हणजे ढकलत) मी पाळण्यापाशी पोचले, कमरेत वाकून डोकं आत घातलं आणि फोनला तोंड लावून म्हणाले :

"कुणी मेलेलं नाही. बारसं आहे. सगळ्यांनी तोंडं बंद करा. सुनीता, तू बोल."

नाशिक, सायखेडा, घोटी, मालेगाव, सगळं एकदम गप्प झालं. मोटर बंद झाली. मोटारसायकल बंद झाली. मावससासूंचा हुंदका अर्ध्यावर राहिला. न्हाव्याने वस्तरा खाली घेतला, असं मागाहून कळलं. चाळीस बायका असलेल्या खोलीत पंख्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पाळण्यात बाळ जागं झालं होतं. रडलं नाही. फोनकडे डोळे फिरवून बघत होतं.

"बाळा," सुनीता म्हणाली. मग हळूच म्हणाली, "रेवा."

आणि परत एकदा, "रेवा." आणि मग कानात करतात तसं, "कुर्रर्र."

दुसऱ्या वेळी तिचा आवाज फाटला. कांजिण्या घशातही येतात म्हणे.

नाव चांगलं आहे. दोन अक्षरी, गच्चीवरून हाक मारली तर तळमजल्यापर्यंत पोचेल. मी एवढा विचार करते आहे तोच माझ्या पाठीत धाडकन एक बसला.

आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ही रीत. आमची आत्या मालेगावात पलंगावर. धपाटे घालायचे कुणाला, याचा विचार दिनेशने केला नव्हता, सुनीताने केला नव्हता, मी तर नव्हताच केला. आणि ऐन वेळी पाळण्यावर एक पाठ आयती वाकलेली होती. पहिला धपाटा पुष्पाचा. तिने नाव परत न्यायचं सगळं दुःख त्यात घातलं.

मी उठायला गेले तर गळसरी झेंडूच्या माळेत अडकली. "अगं, मी आत्या नाही," मी पाळण्यात तोंड घालून सांगत होते, "मी आजी आहे." ते गावोगाव ऐकू गेलं, पण हॉलमध्ये कुणाला गेलं नाही. किंवा गेलं असेल. रांग लागली होती.

"हा माझ्या लग्नातल्या जिलबीला चिवट म्हणालात त्याचा," एक चुलत जाऊ म्हणाली. शेजारच्या बाईंनी नुसतं "शुभकार्य आहे" म्हणून मारला. विहीणबाई आधी "माफ करा हं विहीणबाई" म्हणाल्या. आमच्यात त्या सगळ्यात मवाळ. सगळ्यात जोराचा त्यांचा. पाळण्यातून दीर सांगत होते, "पुष्पे, माझ्याकडून एक दे. मी जमिनीवर बसलो ना इकडे." तिने दिला. शेवटी आमचे हे उठून आले, एवढी गर्दी कसली ते बघायला, आणि सगळे मारताहेत म्हणून त्यांनीही एक हलका ठेवला. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. मी वर बघितलं, तर त्यांनी मला पेढा दिला.

बारा दहाला सगळं आटोपलं. मुहूर्तात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पालथी पडले होते आणि रूपाली पाठीला तेल लावत होती. बाळ, म्हणजे रेवा, शेजारी पडून आपली मूठ खात होतं. दिनेशने कॉम्प्युटरवरून सुनीताचा फोन लावला आणि यावेळी फोन आठवणीने माझ्या तोंडापाशी आणून ठेवला.

सुनीताचा ताप उतरला होता. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "आई, माझ्या वाटचे धपाटे तू खाल्लेस गं."

मी म्हणाले, "तुझ्या वाटचे त्यात दोन-तीनच होते. बाकीचे माझे स्वतःचे."